आईच्या झोपेचं समीकरण

सोसायटीच्या हॉलमध्ये विज्ञानप्रसारक सरांनी फळ्यावर लिहिलं: आईची झोप = बाळाची झोप × घरच्यांची मदत.

रात्र-रात्र जागणाऱ्या केतकीनं मांडीवरचं बाळ थोपटत विचारलं, “सर, मदत शून्य असेल तर?”

“तर झोपही शून्य. गणित कुणाची गय करत नाही, वहिनी.” शेजारी बसलेला तिचा नवरा मोबाइलमधून मान वर न काढता हसला. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय.

तेवढ्यात मागे सरांचं तान्हं रडायला लागलं. सर माइकवरूनच बायकोला म्हणाले, “अगं, बाहेर ने ना त्याला.”

बायको उठली, व्यासपीठावर गेली आणि बाळ सरांच्या हातात देऊन एकटीच बाहेर पडली.

केतकीनं नवऱ्याच्या हातातला मोबाइल काढून तिथं बाळ ठेवलं. “धर. समीकरण खरं आहे का, ते घरी झोपून बघते.”