आवाज आला!

फेर्मिनने मॅक लॅपटॉपवर विंडोज घातलं आणि लॅपटॉपची वाचाच बसली. इमारतीतल्या भूकंप-सरावासाठी केलेला व्हिडिओ तयार होता, पण आवाजाचा ड्रायव्हर काही केल्या बसेना.

"मॅकच्या घरात विंडोजची सवत आणलीत, मग ती बोलेल कशाला, जावईबापू?" राजमा निवडता निवडता सासूबाई, दोन्या एल्विरा, म्हणाल्या.

फेर्मिनने ड्रायव्हर पुन्हा घातला, आवाज पूर्ण वाढवला आणि व्हिडिओ लावला. त्याची सुरुवातच भूकंपाच्या भोंग्याने होती. मेक्सिको सिटीत हा भोंगा रस्त्यावर वाजला की माणसं असतील तशी जिना उतरतात, कारण जमीन हलायला मग मिनिटभरही लागत नाही.

भोंगा कर्कश वाजला.

सासूबाईंच्या मांडीवरचा राजमा घरभर झाला. पंच्याऐंशी सालच्या भूकंपात त्यांची बहीण ढिगाऱ्याखाली गेली होती. एक चप्पल पायात, एक हातात, अशा त्या दाराशी पोचल्यासुद्धा.

"अहो आई, थांबा! माझा लॅपटॉप बोलतोय!" फेर्मिनला हसू आवरेना. त्याने दार लावून घेतलं, चार मजले उतरायला निघालेल्या सासूबाईंना हाताला धरून खुर्चीत बसवलं, पाणी दिलं.

"जीव गेला असता ना माझा," त्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "बंद करा मेलं ते आधी!"

फेर्मिनने व्हिडिओ बंद केला.



भोंगा थांबला नाही.