खंडेनवमीचं यंत्र

"हार जरा डावीकडे घ्या. कोपरा दिसतोय," लताबाई म्हणाल्या.

हिलालसरांनी झेंडूचा हार सारखा केला. टेबलावर निळ्या कापडाखाली चौकोनी उंचवटा उभा होता. त्याच्यापुढे हळदकुंकू, सुपारी, दोन पेढे. कापडाखाली होतं ते शेजारच्या कौतिकच्या नव्या टीव्हीचं रिकामं खोकं.

"उभ्या जन्मात पहिल्यांदा खोक्याची पूजा केली. तुमच्या सदरात तेवढंही लिहून टाका."

सर हसले नाहीत.

जळगावच्या एका वाचनालयात ते सहायक होते. तिथे संगणकावरची तीन इंग्रजी मासिकं येत आणि त्यांचं वेष्टण सरांखेरीज कोणी फोडत नसे. त्या वाचनाच्या बळावर १९९१पासून, म्हणजे गेली दोन वर्षं, ते एका स्थानिक दैनिकात दर बुधवारी 'संगणक आणि आपण' हे सदर लिहीत होते. फ्लॉपी लोहचुंबकाजवळ ठेवू नये; लिहिलेला मजकूर दर दहा मिनिटांनी जतन करावा; यंत्राचं बटण एकदम बंद करू नये. मधूनच एखाद्या नव्या कॅल्क्युलेटरबद्दल, रेडिओ-कॅसेटच्या टू-इन-वनबद्दलही लिहीत. पण ती यंत्रं त्यांनी स्वतः वापरून पाहिलेली असत. संगणकाला मात्र त्यांनी आजवर बोटही लावलं नव्हतं.

तरीही लिहायचं धैर्य होई ते एका माणसामुळे. शिरपूरजवळच्या खेड्यातले शिक्षक गिरधर. सदराच्या माथ्यावर संपादकांची सूचना असे : 'स्वतःचा संगणक असलेल्या वाचकांनीच शंका पाठवाव्यात.' असे वाचक होते किती? गिरधरांचं कार्ड मात्र पंधरवड्याला न चुकता येई. कळफलकावरची अक्षरं झिजली आहेत, क्रम कळवावा. सरांनी आकृतीच छापली. धुळीसाठी आच्छादन शिवायचं आहे, मापं द्यावीत. सरांनी मापं दिली. आणि प्रत्येक वेळी उलटटपाली उत्तर : 'आपण सांगितल्याप्रमाणे केले. यंत्र पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले.'

ही कार्डं सरांनी जपून ठेवली होती. आपली पुस्तकी विद्या कुठेतरी खऱ्या यंत्रावर खरी ठरते आहे, याचा त्यांच्याजवळ तेवढाच पुरावा होता. आणि आज तो पुरावा शाळेची सुटी साधून एस.टी.ने घरी येत होता.

गिरधर आले ते पांढऱ्या सदऱ्यात, हातात केळीची फणी घेऊन. चाळिशीचे, सावळे, संकोची. टेबलाकडे लक्ष जाताच त्यांनी दारातच चपला काढल्या आणि हात जोडले.

"हाच का तो?"

"हाच," सर म्हणाले. "पण आज खंडेनवमी. पूजेला लावलेलं हत्यार उद्यापर्यंत हलवायचं नाही, असा आमच्याकडे नेम आहे. दाखवता येणार नाही. तुम्ही एवढ्या लांबून आलात..."

"छे छे, सर! नेम तो नेम." गिरधरांनी सुटकेचा श्वास टाकल्यासारखं वाटलं. "माझाही आज झाकूनच ठेवला आहे. पोरांनी सकाळीच हार घातला."

केवढा सभ्य माणूस, सरांच्या मनात आलं. दुसरा कोणी असता तर हट्टाला पेटला असता.

लताबाईंनी चहा आणला. "भाऊजी, तुमची कार्डं आली की हे दोन घास जास्त जेवतात बरं का."

"वहिनी, आणि आमच्याकडे सरांचा लेख आला की पोरं गणिताचा तास बुडवतात."

"अन् मास्तर?"

"मास्तर बुडवू देतात."

तिघंही हसले. सरांनी जपून विचारलं, "ती फ्लॉपी मध्यंतरी वाचली जात नव्हती, तिचं काय झालं?"

"आपण सांगितलं तसं केलं. लगेच वाचली गेली."

"कधी एखादी सूचना चुकलीसुद्धा असेल. मोकळेपणानं सांगा."

"एकही नाही, सर." गिरधरांनी कप खाली ठेवला. "आमच्या गावातली सोळा पोरं आज न बघता कळफलकावर बोटं चालवतात. त्यांतला वाल्मीक म्हणतो, मी मोठा झालो की सरांना भेटणार. मी त्याला सांगून आलो आहे, आज मी त्यांचं यंत्र डोळ्यांनी पाहून येतो."

सर उठून खिडकीशी गेले. बाहेर कोणी तरी मोटारसायकल धुऊन तिला आंब्याची डहाळी बांधत होतं. ते परत फिरले, टेबलापाशी आले आणि लताबाई "अहो" म्हणेपर्यंत त्यांनी हारासकट कापड ओढलं. पेढे जमिनीवर घरंगळले.

"गिरधरभाऊ, हे पाहा माझं यंत्र. मी आजवर संगणकासमोर बसलेलो नाही. वाचलं तेवढं लिहिलं. तुमच्याकडे ते चालत होतं, म्हणून लिहीत राहिलो. पोरांना खरं काय ते सांगून टाका. फक्त एक मागणं आहे. तुमच्याकडे येईन, तासभर मला तुमच्या यंत्रासमोर बसू द्या."

गिरधरांनी खाली वाकून दोन्ही पेढे उचलले, फुंकून बशीत ठेवले. मग खोक्याच्या कडेवरून सावकाश हात फिरवला, वितीनं त्याची रुंदी मोजली आणि लताबाईंकडे वळून, आल्यापासून पहिल्यांदाच घरच्या बोलीत म्हणाले,

"वहिनी, हाई टीव्हीनं खोकं शे ना? आमनं खोकं पंखानं शे. जरासं धाकलं पडस."