पौर्णिमा गुरुवारी

पौर्णिमा गुरुवारी येत होती आणि गुरुवारी तात्यांचं डायलिसिस असायचं.

जयराजनं थायलंडचा बेत तीन-चारदा उलटासुलटा करून पाहिला होता. मंगळवारी उंब्रज सोडायचं, मुंबईहून विमान, बँकॉक, तिथून सुरत थानी, मग बोट आणि मग ते बेट. तिथं पौर्णिमेला रात्रभर वाळूत नाच चालतो. जगभरातली पोरं चंद्राचा दिवस बघून जमतात. शनिवारी परतायचं. कसंही फिरवलं तरी गुरुवार मध्येच येत होता.

"पुढच्या पौर्णिमेला जायचं का?" सोमवारी सकाळी उसाला पाणी देता देता त्यानं फोनवर ऋषिराजला विचारलं.

"गड्या, तीन वर्षं हेच ऐकतोय. या खेपेला आमी चौघं निघालोच. दहाच्या आत तिकिटं काढतोय. येणार का न्हाई, तेवढं कळव."

"कळवतो," म्हणून जयराजनं फोन खिशात टाकला.

तात्यांची ना नव्हतीच. आठवडाभर ते एकच म्हणत होते, "जा की लेका. एकतीस वर्षांचा घोडा झालास, गणपतीपुळ्याच्या पुढं समुद्र बघितला न्हाईस." तात्या असं म्हणाले की जयराजचा पाय आणखीच अडायचा. नको म्हणाले असते तर भांडून तरी जाता आलं असतं.

मोटर बंद करून तो घरी आला तर दाराला बाहेरून कडी. सोमवार-गुरुवार तो तात्यांना गाडीवर मागं बसवून कराडला न्यायचा. आज घरात तात्या नव्हते. खुंटीवरची पिशवी नव्हती आणि दवाखान्याची फाईलही नव्हती. घरात बाप-लेक दोनच माणसं, विचारणार कुणाला? शेजारच्या शालूबाई अंगण झाडत होत्या.

"आरं, तात्या मगाशीच एस्टीनं गेलं. म्हणालं, त्याला सांगू नकोस, मी पोचल्यावर कळू दे."

कराडपर्यंत जयराजनं हायवेवर दोन एस्ट्या गाठल्या. दोन्हींच्या खिडक्यांत वाकून पाहिलं. तात्यांची टोपी कुठंच दिसली नाही.

तात्या दवाखान्यात, नेहमीच्या खाटेवर होते. डाव्या हातात सुया, नळीतून रक्त यंत्रात जात होतं आणि दुसऱ्या नळीतून परत येत होतं. त्याला बघताच त्यांनी उशीवरून मान उचलली.

"बघ! आलो का न्हाई एकटा? उगंच तुज्या गाडीवर बसत हुतो मी."

"तात्या, सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर सोडलं असतंस व्हय? आता गुरुवारी बी असाच येतो. तू बिनघोर जा."

नर्स क्षमाताईंनी जयराजला हळूच बाजूला घेतलं. "स्टँडवर उतरताना पडले. रिक्षावाल्यानं धरून वर आणलं. तुम्हाला सांगू नका म्हणत होते."

जयराजनं वळून पाहिलं. उजव्या कोपराला ताजी पट्टी होती. धोतराच्या एका बाजूला चिखल वाळत आला होता. खाटेखाली एकच चप्पल होती.

"दुसरी कुठाय?"

"असंल एस्टीत," तात्या म्हणाले. "जुनीच हुती."

जयराज खिडकीपाशी गेला. फोन काढून त्यानं ऋषिराजला लिहिलं, 'माझं जमत न्हाई, नाव काढ.' पाठवून टाकलं. एकदा पाठवलं की छाती मोकळी होईल, असं त्याला वाटलं होतं. ती काही झाली नाही.

मागं तात्यांचा आवाज चढला होता. "ह्यो माजा थोरला न् धाकला, एकच. परदेशाला चाललाय. समुद्राच्या काठाला रातभर नाच असतोय, फकस्त पुनवंला!"

सहा खाटा आणि सहा यंत्रं. अंग हलवता येत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी नुसत्या माना वळवल्या.

"कंच्या देशात?" पलीकडच्या खाटेवरचे सुभेदार नाथाजी म्हणाले. लष्करातून परतून त्यांना बरीच वर्षं झाली होती.

"थायलंड. आदी सुरत लागतं."

"सुरत गुजरातेत हाय, तात्या."

"ते येगळं. व्हय रं, जयराज?"

"व्हय."

"दाव की त्येंला. परवा मला दावलंवतंस तसं."

जयराजनं नाचाचा व्हिडिओ लावला आणि फोन घेऊन खाटेखाटेशी गेला. पडद्यावर उघड्या पायांची पोरंपोरी उड्या मारत होती, मागं काळं पाणी आणि वर मोठा चंद्र. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या हरणाबाईंनी तर पुन्हा लावायला सांगितलं. शेवटी तात्यांनी मोकळ्या हातानं फोन मागून घेतला आणि डोळ्यांजवळ धरला.

तेवढ्यात फोन थरथरला. वर ऋषिराजचं नाव आलं आणि खाली एकच शब्द. तात्यांनी तो सावकाश वाचला.

"काढलं."

जयराजनं हात पुढं केला, पण उशीर झाला होता.

"आवं, काढलं!" तात्या सगळ्या वॉर्डाला सांगत होते. "तिकीट काढलं पोराचं!"

नाथाजींनी मोकळ्या हातानं खाटेची कड बडवली. क्षमाताई टेबलाशी लिहिता लिहिता थांबल्या आणि जयराजकडे बघू लागल्या. त्यानं तात्यांच्या हातातून फोन घेतला. तात्यांचा चेहरा दिसला, तसा तो खिशात टाकला.

"आमच्या वाटणीचं बी नाच रं बाबा," हरणाबाई म्हणाल्या.

"व्हय," जयराज म्हणाला. त्यानं स्टूल ओढलं आणि तात्यांच्या खाटेशी बसला. यंत्रावर अजून तीन तास दहा मिनिटं दिसत होती.