दुकानाचं दार

वृषाली खैरनार दुकानाची पायरी चढत होती, तेवढ्यात मालक मोमीनकाका आतून ओरडले, “ताई, तिथंच थांबा!”

ती दचकली. घरचा फ्रीज सकाळीच बंद पडला होता आणि वडिलांचं इन्सुलिन त्यात होतं. हप्त्यांवर नवा घ्यायला ती धावत आली होती.

काका बाहेर आले. “काल पेढे देताना म्हणालात ना, गृहकर्ज मंजूर झालंय, सोमवारी ताबा मिळणार? मग आत येऊ नका. हप्त्यांवर कर्ज देणाऱ्या कंपनीनं आता इथंही ते पत तपासणारं दार बसवलंय. आत पाऊल टाकलं, की ते गिऱ्हाइकाच्या नावावर कर्जाची चौकशी नोंदवतं. ताब्याआधी अशी नवी चौकशी दिसली, की बँक गृहकर्जाची मंजुरी मागे घेते. माझं घर असंच गेलं. असं दार असलेल्या दुसऱ्या दुकानात टीव्ही नुसता बघायला गेलो होतो मी.”

वृषाली पायरी उतरून मागे सरकली. “मग बाबांचं इन्सुलिन?”

काकांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातला फ्रीज रिकामा करून तिच्याकडे पोचवला. सोमवारपर्यंतच्या चार दिवसांत त्यांच्याकडे दोनदा दूध नासलं, हे तिला नंतर काकूंकडून कळलं.

सोमवारी किल्ली मिळाली. वास्तुशांतीच्या पंगतीत पहिलं पान तिनं काकांचं मांडलं आणि ते येऊन बसेपर्यंत कुणालाच वाढू दिलं नाही.