भाचीचं तिसरं मागणं

ठोठावताना मूठ चुकून बटणावर पडली आणि बेल अशी खणखणीत वाजली की कामशात दचकून एक पायरी खाली उतरली. या दाराला बेल आहे हेच ती विसरली होती. बारा वर्षं ज्याने त्याने इथे मूठच आपटली होती.

“वाजते हं आता,” दार उघडत रायखानमामी म्हणाली. “तू हिवाळ्यानंतर आलीसच कुठे! नौरोजच्या आदल्या दिवशी तुझ्या मामाला काय सुबुद्धी झाली कोण जाणे. कुठून तरी बॅटरी पैदा केली आणि घातली. मेंदूला झटका आला, पण नवरा घरकामाला लागला!”

आत एर्मुरातमामा बैठ्या मेजाशी बसला होता. शेजारच्या उशीवर, मानाच्या पाहुण्यासारखा, त्याचा बेस टेकवलेला होता. जाड चार तारांची, विजेवरची ती गिटार.

“फार उशीर केलास,” मामा म्हणाला.

“मांस गार झालं का?”

“मांसाचं काय, पुन्हा गरम होतं.”

ताराझ शहरात लग्नाचा तोय, म्हणजे जेवणावळ आणि नाचगाण्याचा सोहळा, म्हटला की एर्मुरातचा बँड. सत्तावीस वर्षांत तीन गायिका नांदायला गेल्या, दोन ड्रमवाले अल्माटीला पळाले, बेस तोच राहिला. चार खुंट्या, दोन कळा; त्या फिरवल्या की एकाच वाद्यातून चार वाद्यं निघत. म्हाताऱ्यांच्या वॉल्ट्झला तो लोकरीच्या गालिच्यावरून चालल्यासारखा वाजे. कारा झोर्गाचा, काळ्या घोड्याच्या चालीचा, नाच सुरू झाला की घोड्याच्या छातीत बसून वाजवतोय असं वाटे. अर्थात पोटात चौकोनी क्रोना बॅटरी असेल तोवरच. ती नसली की एवढा सगळा तोरा मुका.

हिवाळ्यात मामाला झटका आला आणि डाव्या हाताची दोन बोटं लुळी पडली. तरी नौरोजच्या तोयला तो बेस गळ्यात अडकवून उभा राहिलाच. कीबोर्ड कामशात वाजवते, आवाजाचा मिक्सरही तिच्याच कोपराशी असतो. पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी, तार दाबताना ती बोटं घसरलेली तिने पाहिली. तिने मिक्सरवर बेसचा आवाज पार खाली ओढला आणि डाव्या हाताने कीबोर्डवरच बेस धरला. गाणं संपल्यावर मामाने तिच्याकडे बघून मान डोलावली. जमलं, अशी. बिचाऱ्याला कळलंही नाही, असं म्हणत तिने डोळे पुसले. त्यानंतर बेचाळीस तोय झाले. कुणाला शंका आली नाही. लग्नात लोक बेस ऐकायला थोडेच येतात? ते घोड्याचं मांस खायला आणि सोयरे बघायला येतात.

आता मात्र शनिवारी साबिरजानच्या मुलाचं लग्न होतं. साबिरजान म्हणजे पळालेल्या दोन ड्रमवाल्यांतला जास्त बोलका. आवाजाचा माणूस तो अल्माटीहून आणणार होता. सगळ्या वायरी त्याच्या मिक्सरला जाणार होत्या. वर कौतुकाचा निरोप: “कारा झोर्गात बाकीचे थांबतील. एर्मुरात एकटा वाजवेल. चारशे माणसं ऐकतील.”

काय ऐकतील, ते कामशातला माहीत होतं.

उपाय एकच होता. भाचरांनी मामाच्या घरातून तीन वस्तू मागाव्यात आणि मामाने नाही म्हणू नये, ही रीत. कामशातच्या दोन मागून झाल्या होत्या: सातव्या वर्षी कपाळावर चांद असलेलं शिंगरू, लग्नात मामीचं चांदीचं कडं. मामीला दोन्ही वार-महिन्यासकट पाठ होत्या. बेस भाचीने नेला तर मामाची मान ताठ राहते. हातात वाद्यच नाही, वाजवायचं कुठून? हावरी ठरेल ती भाची.

“मामा,” ती म्हणाली, “माझं तिसरं मागणं राहिलंय.”

मामीच्या हातातली किटली थांबली.

“माग.”

“बेस.”

“अगं सटवे!” मामी कडाडली. “शिंगरू नेलंस, कडं नेलंस, आता माणूसच पोत्यात घालून ने की! बोटं गेली तरी त्या एका लाकडावर जगतोय तो. एवढा शनिवार तरी जाऊ दे.”

“शनिवारच्या आधीच हवाय.”

मामीने कामशातचा प्याला काठोकाठ चहाने भरला आणि समोर ठेवला. हव्याहव्याशा पाहुण्याला तिथे अर्धाच प्याला देतात. काठोकाठ म्हणजे पी आणि चालू लाग.

कामशातच्या जिभेवर सगळं आलं होतं. ते तिने त्या चहाबरोबर गिळलं. चहा चटका देत गेला.

मामाने बेस मांडीवर घेतला. उजव्या हाताने एकेक तार फडक्याने पुसली. पिशवीत घालून चेन ओढायला लागला, ती अडकली. कामशात पुढे झाली, तर त्याने तिचा हात बाजूला सारला. चेन लावायला त्याला बराच वेळ लागला. तेवढा वेळ तिघंही त्या चेनकडेच बघत होती.

“घे. रीत आहे,” तो म्हणाला. “साबिरजानला सांगतो, भाचीनं नागवलं.”

मामीने तोंड फिरवलं. कामशातने पिशवी खांद्याला लावली, बूट चढवले आणि मान वर न करता उंबरा ओलांडला. मामा तिच्या मागोमाग दारापर्यंत आला.

“कामशात.”

“हं?”

“वाजवायच्या आधी नवी क्रोना घाल त्यात.” लुळ्या बोटाने त्याने दारावरचं बटण दाबलं. बेल खणखणीत वाजली. “जुनी मी नौरोजच्या आधीच काढून या बेलला बसवली.”