पहिल्याचं बॉनेट

क्लबच्या गाड्या तपासणाऱ्या आल्हादने बॉनेट वर केलं, आत वाकला आणि तसाच थांबला. हवेच्या नळीच्या जोडावर लाल दोरा आणि त्यावर लाखेचा ठिपका असायला हवा होता. तिथे पूजेची कोरी लाल-पिवळी नाडाछडी होती, व्यवस्थित वेढे देऊन बांधलेली.

"मृण्मयी, सील कुठे आहे?"

मृण्मयीच्या हातात अजून हेल्मेट होतं. ती नुकतीच पहिली आली होती, आणि वर्षाचा करंडक याच शर्यतीवर ठरणार होता. तिने वाकून पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

क्लबच्या सगळ्या गाड्या जुन्या मारुती, एकसारख्या. प्रत्येकीच्या हवेच्या नळीत एकाच मापाच्या भोकाची चकती. हवा मोजकी, म्हणून इंजिनाची ताकदही मोजकी, आणि सगळ्यांची सारखी. ज्याच्या घरी बरं आहे त्याने इंजिनावर कितीही ओतलं तरी उपयोग नाही. जिंकायचं ते हाताच्या कसबावर. चकती कोणी बदलू नये म्हणून तिच्यावर क्लबचं सील. शर्यत संपली की पहिल्या आलेल्याची गाडी उघडायची. सील नसेल तर तो बाद, मग आतली चकती बरोबर असली तरी. पेठ रस्त्यावरच्या या मुरमाड मैदानावर पूर्वी बैलांचा बाजार भरे. तेव्हाही दात पाहिल्याशिवाय कोणी बैल घेत नसे. पहिल्याची गाडी उघडायचा नियम क्लबात भांडून आणला होता तो मृण्मयीनेच.

"नियम तुमचाच हाय, ताई," साई मागून म्हणाला. "आम्ही काय बोलनार. लय वाईट वाटतंय."

वाटत नव्हतं, हे दिसत होतं. साई पिंपळगावच्या द्राक्षवाल्यांच्या घरातला. वर्षभर प्रत्येक शर्यतीत दुसरा. बाकीचे त्याला 'कायमचा दुसरा' म्हणून चिडवत आणि तोही हसत असे. मृण्मयी बाद झाली तर करंडक त्याचा होता.

मृण्मयी वळली. दोरीपलीकडे तिचे वडील उभे होते. उपेंद्रगुरुजी रामकुंडावर पौरोहित्य करत. मुलीची शर्यत पाहायला ते आज पहिल्यांदाच आले होते. गाडीची पूजा करतो म्हणाले, तेव्हा तिला बरंच वाटलं होतं.

"बाबा, हे तुम्ही बांधलंत?"

गुरुजी सहज हो म्हणाले. सकाळी सगळे मांडवात सूचना ऐकत होते, तेवढ्यात त्यांनी पूजा उरकली होती. आत एक तेलकट, विटलेला दोरा होता, वाळलेलं कुंकू चिकटलेला. मागच्या कुठल्या तरी पूजेचा असणार. तो तसाच ठेवून नवी पूजा कशी करायची? म्हणून सोडला आणि नवा बांधला.

मग मृण्मयी जे बोलली ते मैदानावरच्या सगळ्यांनी ऐकलं. इतकी वर्षं माझी गाडी तुम्हाला नजरेसमोर नको होती, ती तशीच नको असती तर बरं झालं असतं, ती म्हणाली. कुणाला विचारायचं नाही, दिसला दोरा की सोडायचा. माझं वर्ष सोडलंत तुम्ही, बाबा. आल्हाद मध्ये पडायला गेला, तर त्यालाही तिने हाताने बाजूला सारलं.

गुरुजींचा चेहरा लाल झाला होता. "तुझ्या एकटीच्याच गाडीला नाही बांधली नाडाछडी," ते म्हणाले. "शर्यतीत बाकीची पोरं नाहीत? त्यांचे हातपाय मोडू द्यायचे?"

पिशवीतून त्यांनी कागदाची पुडी काढली. जुने दोरे गंगेत सोडायचे म्हणून जपून ठेवले होते. पुडी उघडली तसे लाखेचे तुकडे खाली सांडले.

मैदानावर एकच गोंधळ उडाला. धडाधड बॉनेटं उघडली. जिथे पाहावं तिथे नाडाछडी. कोणी गुरुजींवर ओरडलं, कोणी आल्हादवर, की सीलला लाल दोऱ्याशिवाय काही मिळालं नाही का. पुढच्या वेळी अंगारा लावा म्हणावं, असंही कोणीतरी म्हणालं, पण हसलं कोणी नाही.

"एक सोडून," गुरुजी म्हणाले. कोणी ऐकलं नाही म्हणून पुन्हा म्हणाले. "एक सोडून. हा एकटाच गाडीपाशी उभा होता. म्हणाला, गुरुजी, बॉनेट नका उघडू, बाहेरूनच बांधा. मग मी आरशाला बांधली."

साईच्या आरशाला नाडाछडी लोंबत होती.

आल्हादने सुटकेचा निःश्वास सोडला. मग प्रश्नच मिटला, तो म्हणाला. बाकी सगळे बाद. साईचं सील जागेवर असेलच, त्याने ते दाखवावं आणि करंडक न्यावा.

साई जागचा हलला नाही. "मी दुसरा आलोय ना, सर. पैल्याचीच उघडायची, असा नियम हाय."

"पहिली मी होते, मी बाद झाले," मृण्मयी म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, आणि तो मघाच्या ओरडण्यापेक्षा वाईट होता. "आता पहिला तू. वर्षभर दुसराच का येतोस, ते बघू दे आम्हाला."

उघड्या बॉनेटांच्या रांगेत एकच गाडी मिटलेली होती. साई तिच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने बॉनेटवर पंजा दाबून धरला. शर्यतीने पत्रा चांगलाच तापला होता. हात पोळत असणार, पण त्याने तो उचलला नाही.