आवरतं घ्या

थेरगावच्या कार्यालयात श्रद्धाच्या लग्नाचं रिसेप्शन होतं आणि स्टेजवर मंगलकामनांची भाषणं चालू होती. "आपल्या लोकांच्या हातात माइक गेला की जेवण गार होतं," असं म्हणून मुलीच्या वडिलांनी, अण्णासाहेबांनी, आधीच नियम करून टाकला होता. प्रत्येकाला दोन मिनिटं. जास्त झालं की त्यांची चिठ्ठी जायची, 'आवरतं घ्या'. सख्ख्या मेहुण्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं.

आता नवऱ्या मुलाचे वडील बोलत होते. रोहिदास, कंपनीतून निवृत्त झालेले, आवाज बारीक, हातात कागद नाही.

"साखरपुड्याला वर्ष झालं. तेव्हापासून श्रद्धा चाकणला कंपनीच्या बसमध्ये बसली की रोज फोन करते. आमच्या धम्मरत्नला नाही हां, मला."

लोक हसले. अण्णासाहेबही हसले, कारण पहिल्या रांगेत बसून न हसणं बरं दिसलं नसतं.

"सगळा दिवस सांगते. एकदा खराब माल पास कर म्हणून साहेब मागं लागला. पोरीनं सही केली नाही. बसमध्ये बसून रडत होती. मी म्हणालो, बाळा, तुझं बरोबर आहे."

अण्णासाहेबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. घरी आली की श्रद्धा "दमलेय बाबा" म्हणायची आणि खोलीत जायची. सव्वीस वर्षं वाढवलेली पोर कालपरवा ओळख झालेल्या माणसाजवळ रडली होती, आणि तो माणूस ते भरल्या मांडवात सांगत होता. हेव्यानं त्यांचा नुसता जळफळाट झाला. त्यांनी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटांना अजून दहा सेकंद होते. ते चिठ्ठी घेऊन उठलेच.

"अहो, व्याही आहेत ते," सोजरबाईंनी नवऱ्याची बाही धरली.

"नियम सगळ्यांना सारखा."

"पण फोन ठेवताना रोज एकच सांगते," रोहिदास म्हणत होते, "म्हणते, पप्पा, हे माझ्या बाबांना..."

चिठ्ठी त्यांच्या पुढ्यात आली होती. त्यांनी ती वाचली, अण्णासाहेबांकडे बघून समजुतीनं मान हलवली आणि जयभीम करून ते जागेवर जाऊन बसले.

निवेदकानं लगेच वधूपित्याचं नाव पुकारलं. अण्णासाहेबांनी माइक घेतला. खिशातला भाषणाचा कागद खिशातच राहिला. श्रद्धाकडे पाहिलं, तर ती खाली मान घालून बसलेली.

वीस वर्षं युनियनच्या सभा गाजवलेला माणूस. मान्यवरांची नावं घेतल्याशिवाय त्यांचं भाषण कधी सुरू झालं नव्हतं. आज त्यांनी एकही नाव घेतलं नाही. रोहिदासांकडे वळून त्यांनी माइकमध्येच विचारलं,

"व्याही, तिच्या बाबांना काय?"